ओल आधी शोधा, भिंत मग रंगवा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



आज सगळे सोसायटीच्या आठवणी सांगताहेत. मला मात्र सांगितलंय, ‘तुम्ही आयुष्य साइटवर काढलंत, तुम्ही भिंतींवर बोला.’ तेव्हा ओल या विषयावर बोलतो. 25 वर्षांच्या इमारतीत ओल नाही असं घर सापडणं अवघडच.

आपल्याकडे पद्धत काय? पोपडे दिसले की दिवाळीआधी रंगारी बोलवायचा. तो खरवडतो, पुट्टी भरतो, वर ‘वॉटरप्रूफ’ रंग देतो. पुढच्या श्रावणात पोपडे पुन्हा हजर! रंगाने ओल जात नाही, झाकली जाते. आत अडकलेलं पाणी रंगाला फुगवून बाहेर येतं. म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

डाग स्वतःच बरंच सांगतो. फक्त पावसाळ्यात, खिडकीच्या आजूबाजूला दिसला, तर बाहेरच्या प्लास्टरची भेग किंवा चौकटीची फट बघा. बारा महिने ओला राहिला, तर नहाणी किंवा पाइप. तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फूट चढला आणि त्यावर पांढरा लोणा आला, तर पाणी जमिनीतून वर येतंय. अशा वेळी बाहेरून भिंतीला टेकलेली माती आणि कुंड्या आधी हलवा. आणि शंका असेल तर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आत जमले तर ओल भिंतीतली, बाहेर जमले तर खोलीतल्या दमट हवेची.

आपल्याच इमारतीतली गोष्ट, घर नंबर सांगत नाही. खालच्यांच्या छताला डाग. खालचे म्हणाले, वरच्यांची नहाणी गळते. वरचे म्हणाले, आम्ही मागच्याच वर्षी लाद्या बदलल्यात. जिन्यात समोरासमोर आले तरी बोलणं बंद. शेवटी डागाची कड पेन्सिलने आखली आणि वरच्यांनी चार दिवस ते बाथरूम वापरलं नाही. तरीही डाग बोटभर पुढे सरकला. मग डक्टमध्ये माणूस उतरवला, तर सांडपाण्याच्या सामाईक पाइपचा सांधा झिरपत होता. दोष ना वरच्यांचा, ना खालच्यांचा! सांधा दोन दिवसांत दुरुस्त झाला. बोलणं सुरू व्हायला मात्र गणपती यावे लागले.

खर्चाचं म्हणाल तर आदर्श उपविधींत सरळ लिहिलंय. बाहेरच्या भिंती, गच्ची, सामाईक पाइप यांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. घरातल्या संडास-बाथरूम, सिंकची गळती ज्याच्या त्याने. म्हणून आधी तपासणी, मग बिल, आणि भांडण शक्यतो नकोच.

आता दुरुस्ती. पाणी बंद झाल्यावर भिंत ठोकून बघा. बद्द आवाज येतो तिथलं प्लास्टर सुटलंय. ते डागाच्या कडेपलीकडे फूटभर काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुवू नका. धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. मग भिंत वाळू द्या, आणि इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. 9 इंची भिंत आठवड्यात वाळत नाही, महिने लागतात. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास प्लास्टर काढा, खिडक्या उघड्या ठेवा आणि उन्हाळ्यात नवं करा. नव्या प्लास्टरला किमान सात दिवस पाणी मारा. ते पूर्ण सुकल्यावरच पुट्टी आणि रंग. ओलीच्या जागी पीओपी नको, ते ओलाव्याने भुसभुशीत होतं.

गावाकडे कुणाचं चुन्यातलं जुनं घर असेल तर तिथे सिमेंट थापू नका. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बंद होते आणि ओल आणखी वर चढते. तिथे चुन्याचाच गिलावा करा.

शेवटचं, आणि हे कृपया गंभीरपणे घ्या. छताचं प्लास्टर पडून आतली सळई दिसली, तर तो विषय रंगाऱ्याचा नाही. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. कमिटीला लगेच कळवा, इंजिनिअरला दाखवा. उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांनंतर दर 3 वर्षांनी करायचं असतं. आपण आता त्या तिशीकडे निघालोय. ऑडिटचा विषय सभेत आला की ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नका, एवढी विनंती.

सुवर्णमहोत्सवही याच इमारतीत करायचाय.