भिंत, भोक आणि गृहस्थ



गृहस्थाश्रमात जी कर्मे कोणालाच चुकत नाहीत, त्यांत भिंतीला भोक पाडणे हे एक होय. सोळा संस्कारांत याचा उल्लेख नाही. कारण उघड आहे. पूर्वी भिंत उभी राहतानाच तिच्यात खुंट्या बसत, कोनाडे व फडताळे ठेवली जात. दिवा कोठे राहील, पागोटे कोठे टांगले जाईल, देव कोठे बसतील, हे गवंडी आधी विचारून घेई. हल्ली घर आधी बांधून होते आणि विचार मागाहून सुचतात. त्या मागाहून सुचलेल्या विचारांनाच भिंतीवरची भोके म्हणतात.

बेळगावच्या भिंतींना भगदाड पाडण्याचा सर्वांत गाजलेला उद्योग १८१८ साली झाला. पेशवाईच्या अखेरीस जनरल मन्रो याने बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला, तोफा लावल्या, आणि तरीही किल्ला हाती येण्यास त्याला सुमारे तीन आठवडे लागले. आजचा गृहस्थ असलेच कार्य रविवारी सकाळी, चहा आणि जेवण यांच्यामधल्या वेळात उरकू पाहतो. तोफ डागण्यापूर्वी तट न्याहाळावा, एवढी समज कोणत्याही सेनापतीला असते. गृहस्थाजवळ यंत्र असते, उत्साह असतो, स्टूल धरावयास मुलगा असतो. फक्त समोर कोणती भिंत आहे, याची चौकशी तेवढी राहून गेलेली असते.

या सीमाभागात तर ती चौकशी अत्यावश्यक आहे. बेळगाव ते निपाणी हे अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर. एवढ्यात भाषेचा हेल बदलतो, मातीचा रंग बदलतो आणि भिंतीचा स्वभावही बदलतो. बेळगाव-खानापूरच्या बाजूला तांबडी माती आणि जांभा दगड. गोमंतकातून घाट चढून आलेल्या कुटुंबांना हा दगड परका नाही. तिकडची घरे आणि देवळे याच चिऱ्यांवर उभी आहेत. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने मलबारात हा दगड पाहिला. जमिनीतून काढताना लोखंडी हत्याराने सहज कापला जातो आणि उघड्या हवेत घट्ट होतो, हे त्याने टिपून ठेवले, आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात त्याला ‘लॅटराइट’ असे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लाटेर’ म्हणजे वीट. निपाणीकडे वळले की काळी जमीन आणि काळा दगड लागतो. हा लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. आता गंमत अशी, की घाटमाथ्यावरचा जांभा हे पुष्कळ ठिकाणी त्याच काळ्या दगडाचे ऊनपावसाने झालेले रूपांतर आहे. म्हणजे दोघे एकाच घराण्यातले. एक पावसात भिजून मऊ झाला, दुसरा कोरडा राहून कठोर झाला. असे भाऊ कोणत्या घराण्यात नसतात?

दोघांशी वागण्याची रीतही वेगळी. जांभ्यात छिद्रे मुळातच भरपूर. त्याला गृहस्थाच्या मदतीची फारशी गरज नसते. तेथे यंत्रावरचे हातोड्याचे चिन्ह बंद ठेवावे, नुसते फिरते बिट सावकाश घालावे आणि लांब गिट्टी वापरावी. घाई केली की सहा मिलिमीटरच्या भोकाचे बोट जाईल एवढे भोक होते. काळ्या दगडाचे उलट. त्यावर बिट प्रथम निसटते, मग तापते, मग बोथट होते आणि शेवटी गृहस्थ तापतो. तेथे ठोक्याचे भारी यंत्र, टंग्स्टन कार्बाइडच्या टोकाचे बिट आणि धीर या तिन्ही गोष्टी लागतात. साडेसहा कोटी वर्षे थांबलेला दगड पाच मिनिटांत वाट देत नाही.

जुन्या वाड्यांतील मातीच्या भिंती हा तिसरा प्रकार. त्यांना यंत्राचा हादरा सोसत नाही. बाहेरचा गिलावा चांगला दिसतो, पण आतून तो भिंतीपासून सुटलेला असतो. अशा ठिकाणी बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर यंत्र पिशवीत परत ठेवावे. लाकडी खांब जागेवर असतील तर दोन खांबांना आडवी पट्टी मारून तिच्यावर हव्या तेवढ्या खुंट्या बसवाव्या. नव्या घरांतील सिमेंटच्या खांबातुळयांत बिट लोखंडी सळईला भिडले तर जोर न करता जागा बदलावी. ती सळई घर पेलण्यासाठी आहे. दिनदर्शिकेला वाट देणे हे तिचे काम नव्हे.

हत्यारांविषयी थोडे. सुताराकडे ‘गिरमिट’ मागितले तर भोक पाडण्याचे अवजार मिळते. बेळगाव-धारवाडकडे गाड्यावर ‘गिरमिट’ मागितले तर चुरमुऱ्यांचा चविष्ट पदार्थ मिळतो. नवशिक्याने दुसऱ्या गिरमिटापासून आरंभ करावा. विजेवर चालणारे हातातले ड्रिल यंत्र जर्मनीतील स्टुटगार्ट येथील फाइन यांच्या कारखान्यात १८९५ साली तयार झाले. परंतु भोक पाडणे हे अर्धेच काम. स्क्रू त्यात टिकला पाहिजे. पूर्वी भिंत मोठी खोदून लाकडाचा ठोकळा सिमेंटात बसवीत. जॉन रॉलिंग्ज नावाच्या इंग्रज कंत्राटदाराला लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या भिंती न बिघडवता विजेची उपकरणे बसवावयाची होती; त्यातून त्याने तागाच्या धाग्यांची गिट्टी काढली आणि १९११ साली तिचे पेटंट घेतले. पुढे १९५८ साली आर्टूर फिशर या जर्मन संशोधकाने नायलॉनची, स्क्रू आत जाताच फुगणारी गिट्टी केली. आज हार्डवेअरच्या दुकानात मूठभर मिळणाऱ्या या वस्तूमागे एवढी बुद्धी खर्ची पडली आहे. गृहस्थ मात्र तिच्याऐवजी आगपेटीच्या काड्या खुपसतो.

नियम सोपे आहेत. सहा मिलिमीटरच्या गिट्टीला सहाच मिलिमीटरचे बिट. भोक गिट्टीपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर खोल. तेवढ्या अंतरावर बिटाला चिकटपट्टी गुंडाळली की खोली कळते. गिट्टी गिलाव्यात बसता कामा नये. गिलावा साधारण बारा ते वीस मिलिमीटर जाड असतो. गिट्टीने त्यामागची वीट किंवा दगड गाठला पाहिजे. जुनी लग्नपत्रिका दुमडून भोकाखाली चिकटवली तर सगळी धूळ तीत पडते, आणि गृहस्थाची पुढची दोन जेवणे शांततेत होतात. वजनाचा हिशोबही आधी करावा. पंचवीस लिटरच्या गीझरमध्ये नुसते पाणीच पंचवीस किलोचे असते. तो वडिलांच्या तसबिरीच्या खिळ्यावर राहत नाही. त्याला योग्य बोल्ट आणि जाणता कारागीरच हवा.

येथवर विनोद झाला. आता जी गोष्ट सांगावयाची, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

पुष्कळ घरांत आजोबा बिनदिक्कत खिळा ठोकत असत आणि त्यांना कधी काही झाले नाही, असे अभिमानाने सांगितले जाते. ते खरेही असते. कारण आजोबांच्या काळी विजेच्या तारा लाकडी पट्ट्यांवरून, भिंतीच्या बाहेरून, सर्वांच्या डोळ्यांदेखत जात. आता त्याच तारा गिलाव्याच्या आत गेल्या आहेत. आजोबांचे धैर्य वारशाने आले, पण ज्या भिंतीवर ते शोभत होते, ती भिंत वारशाने आली नाही. २३० व्होल्टची तार बोटभर आत असते आणि वरून रंग मात्र गुळगुळीत दिसतो.

तारा सहसा बटणांच्या पेटीपासून सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ आडव्या नेलेल्या असतात. म्हणून बटण, प्लग किंवा दिव्याची जागा यांच्या रेषेत उभे-आडवे कोठेही भोक पाडू नये. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या भिंतींत पाण्याचे नळही असतात. नळाच्या तोटीची रेषाही तशीच वर्ज्य समजावी. काम करताना त्या खोलीचा वीजपुरवठा बंद ठेवावा. येथे एक गृहस्थ मेन स्विच बंद करून अर्धा तास यंत्र का फिरत नाही, याचा विचार करीत बसल्याची कथा सांगतात. उपाय हा, की बॅटरीचे यंत्र वापरावे, किंवा दुसऱ्या खोलीतून वीज घ्यावी. घरात गळती होताच वीज तोडणारे, तीस मिलिअँपिअरचे संरक्षक उपकरण बसवून घ्यावे. भोक पाडणाऱ्याला त्या दिवशी धक्का बसला नाही, म्हणजे धोका टळला असेही नव्हे. स्क्रू तारेला घासून बसला, तर पावसाळ्यात भिंत ओली झाल्यावर लोखंडी फळीत वीज उतरू शकते. आणि फळीला हात लावणारे बहुधा घरातले लहान मूल असते. बेळगावचा पावसाळा किती दिवसांचा असतो, हे या श्रोत्यांना सांगावयास नको.

दुसरी गोष्ट सामाईक भिंतीची. वाटणीत घर दोन भावांचे होते, भिंत मात्र एकच राहते. अलीकडे भोक पाडले की पलीकडे फडताळातील कपबशा नाचतात. महाजनांच्या सभेत एका साध्या ठरावाला किती चर्चा लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. सामाईक भिंतीला निदान एका हाकेची तरी चर्चा लागावी. ‘दादा, जरा भांडी उतरवून ठेवा,’ एवढे शब्द पुरतात. दिवाणी दाव्यापेक्षा ते स्वस्त पडतात.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठ्या सामाईक भिंतीची, म्हणजे देवळाची. देणगी दिली की नावाची फरशी लागावी, ही इच्छा मानवी आहे. परंतु एका फरशीला चार भोके, पंख्याला चार, कर्ण्याला दोन, असा हिशोब शे-दोनशे वर्षांच्या भिंतीवर मांडला जातो. जांभा दगड पाणी पितो. त्यात लोखंडी स्क्रू बसवला की तो गंजतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो, आणि काही पावसाळ्यांत चिरा आतून फुटतो. नाव राहते आणि भिंत जाते. म्हणून जुन्या चिऱ्याला हात लावू नये. फरशी लावणे अगदीच आवश्यक असेल तर ती नव्या बांधकामावर, पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने लावावी. सर्व दात्यांची नावे एकाच फलकावर घ्यावी, तो फलक पायांवर उभा करावा. भोकांची संख्या शून्य होते आणि दात्यांचे पुण्य जराही कमी होत नाही.

तात्पर्य, यंत्र हाती घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावे. ही भिंत कशाची? हिच्या आत काय आहे? हिच्या पलीकडे कोण आहे? आणि हे भोक खरोखर हवे आहे काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे गवंडी, वायरमन आणि शेजारी देतात. चौथ्याचे उत्तर बहुधा घरातील गृहिणी देते, आणि ते बहुधा ‘नको’ असेच असते. तेवढे ऐकले तर रविवारची सकाळ सर्वांनाच सुखाची जाते.