फायलीचा पत्ता
स्वारगेटच्या चौकांतील वाटसरूला ‘येथून सारसबागेकडे वळावें’ एवढें सांगितलें तरी पुरतें. परगांवच्या माणसाला पत्ता पुण्यापासून द्यावा लागतो. संगणकाला टाइप करून आज्ञा देतांना फायलीचा पत्ताहि असाच दोन रीतींनी देतात: चालू कप्प्यापासून किंवा मुळापासून.

युनिक्समध्यें पत्त्याचे टप्पे तिरक्या रेघेनें तोडतात. १९८३ सालीं एमएस-डॉसमध्यें कप्प्यांत कप्पे आले, तेव्हां ती रेघ आज्ञेचे पर्याय दाखविण्यांत गुंतलेली होती. म्हणून उलटी रेघ योजली गेली. विंडोजमध्यें ती आजहि आहे.

रेघ कोणतीहि असो, मोठा धोका नांवांतील मोकळ्या जागेचा. अवतरणचिन्हें विसरल्यास ‘स्वारगेट नोंदी’ या एका नांवाचीं दोन नांवें होतात, आणि पुसण्याची आज्ञा ‘स्वारगेट’ या भलत्याच फायलीवर चालते. तेथें पुसलेलें सहसा परत मिळत नाहीं. म्हणून आज्ञेपूर्वीं पत्ता पुन्हां वाचावा.