पिल्लांच्या आतड्यांचे राखणदार



खुडूक कोंबडीखाली निघालेले पिल्लू आईमागे उकिरडा उकरू लागते, तेव्हा दाण्याबरोबरच तिच्या विष्ठेतील असंख्य जिवाणू त्याच्या पोटात जातात. वरकरणी ही अस्वच्छता वाटते; वस्तुतः हा आईकडून मिळालेला पहिला वारसाच होय. उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लास मात्र आई भेटतच नाही. त्याच्या आतड्यात उपकारक जिवाणूंची वस्ती लवकर होत नाही, आणि मोकळ्या जागेत रोगजंतूंचे फावते.

आतड्याचे अस्तर पेशींच्या केवळ एका थराचे असते. या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असून त्यांवर चिकट श्लेष्म्याचे आवरण असते. पचलेले अन्न रक्तात जावे, परंतु जंतू व त्यांची विषे बाहेरच राहावीत, असे दुहेरी कार्य या अस्तरास करावे लागते. सांधे सैल झाले की हगवण लागते आणि वाढ खुंटते.

उपकारक जिवाणू या तटास बळ देतात. लॅक्टोबॅसिलस वर्गातील जिवाणू लॅक्टिक आम्ल निर्माण करतात. त्या आंबटपणात अनेक रोगजंतूंची वाढ मंदावते. दुसरे काही जिवाणू चोथ्यापासून ब्युटिरिक आम्ल तयार करतात. त्यावर अस्तराच्या पेशी पोसल्या जातात.

याचा प्रत्यय फिनलंडमध्ये आला. १९७१ साली तेथील मांसल कोंबड्यांत साल्मोनेला जंतूंचा मोठा प्रादुर्भाव झाला. नुर्मी व रांताला या संशोधकांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यांतील द्रव्य नवजात पिल्लांना पाजले. नंतर साल्मोनेला मुद्दाम दिला, तरी त्यांपैकी बहुतेकांत तो ठाव धरू शकला नाही. हे निष्कर्ष १९७३ साली प्रसिद्ध झाले.

वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळल्याने औषधांना न जुमानणारे जंतू बळावतात, आणि माणसाच्या आजारातही ती औषधे निरुपयोगी ठरू लागतात. म्हणूनच युरोपीय संघाने २००६ पासून ही प्रथा बंद केली, तर भारताने २०१९ साली पशुखाद्यातील कोलिस्टिनला मनाई केली.

उपकारक जिवाणू सजीव असतात. कडक उन्हात ठेवल्यास, गरम अथवा क्लोरीनयुक्त पाण्यात कालवल्यास किंवा प्रतिजैविकासोबत दिल्यास ते मरू शकतात. घरच्या कोंबडीची विष्ठा पिल्लांना पाजू नये. तीतून रोगही पसरतात. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तपासलेली मात्राच द्यावी. लस, स्वच्छ पाणी व कोरडे खुराडे यांना मात्र पर्याय नाही. रोग झाल्यावर औषध शोधण्यापेक्षा तट आधी मजबूत करणे, यातच पशुपालकाचे हित आहे.