‘ब्लॉक गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

(तालुका शिबिरात गॅरेज चालवणाऱ्या मैत्रिणीने केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मला ‘गाडीची दुरुस्ती’ या विषयावर बोलायला सांगितलंय आणि तुम्ही निम्म्या जणींनी वह्या उघडल्यात. वह्या जरा मिटा. पान्यांचे नंबर मी सांगणार नाही. गॅरेजमध्ये ‘ब्लॉक गेला, बोअर करावा लागेल’ असं म्हणतात, तेव्हा तो का गेला हे कुणी विचारतं का, एवढंच मला बोलायचंय. उदाहरण घेणार आहे मातीच्या शर्यतीत पळणाऱ्या टू-स्ट्रोक मोटारसायकलचं.

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? रस्त्यावरच्या नव्या गाड्या आता फोर-स्ट्रोक आहेत हे खरं. पण गावात जुन्या लुना अजून आहेत. पाठीवर घेऊन फवारणी करायचे पेट्रोल पंप, गवत कापायची यंत्रं यांतही कितीतरी टू-स्ट्रोक आहेत. आपल्या बचत गटांनी असे पंप घेतलेत. ते बंद पडले की कोपऱ्यात पडतात आणि बायका पुन्हा हाताने दांडा मारायला लागतात. इंजिनाची जात तीच, दुखणीही तीच.

आधी हे इंजिन समजून घेऊ. फोर-स्ट्रोकमध्ये इंजिनचं तेल खाली वेगळं भरलेलं असतं. टू-स्ट्रोकचं तसं नाही. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या बंद खोलीत येतं. पिस्टन खाली येताना ते दाबतो आणि ते बाजूच्या वाटांनी वर चढतं. वर ठिणगी पडते, धूर बाहेर जातो. क्रँकच्या बेअरिंगला आणि पिस्टनला जे तेल मिळतं, ते या पेट्रोलाबरोबरच येतं. म्हणजे दोन गोष्टी झाल्या. एक, ती खालची खोली हवाबंदच पाहिजे. दुसरी, पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडलं. बाकी काही विसरलात तरी चालेल, या दोन धरून ठेवा.

आता हकीकत. आपल्या गटातल्या एका बाईची मुलगी मातीच्या शर्यतीत भाग घेते. तिला विचारून सांगते आहे, नाव सांगत नाही. तिच्याकडे जुनी आरएक्स १३५ आहे. आरएक्स १०० ही यामाहाची गाडी आपल्याकडे १९८५ मध्ये आली, १९९६ मध्ये बंद झाली. ही तिची बहीण म्हणा. कंपनीच्या गाडीत तेलाचा पंप वेगळा असतो, या मुलीच्या गाडीतला काढून टाकलाय. ती डब्यात पेट्रोल आणि तेल मोजून मिसळते.

गाडी दोन फेऱ्या उत्तम पळायची. तिसऱ्या फेरीत, लांब सरळ पट्ट्यावर पूर्ण रेस दिली, की आवाज बारीक व्हायचा, ताकद जायची. एकदा तर मागचं चाक जागच्या जागी अडकलं. पिस्टन ब्लॉकला चिकटला. ती पडली, खांद्याला मार लागला. ब्लॉक बोअर केला, नवा पिस्टन घातला. महिन्याभरात पुन्हा तेच. पुन्हा बोअर, पुन्हा पिस्टन. दोन वेळचे पैसे आईने बचत गटातून उचललेले. आता ब्लॉक काही कितीही वेळा बोअर होत नाही. दर वेळी पाव किंवा अर्धा मिलीमीटर मोठा करायचा, शेवटी भिंतच पातळ होते. घरात गाडी विकायची बोलणी सुरू झाली, आणि गाडीबरोबर मुलीचं शर्यतीला जाणंही संपणार होतं.

दोन गॅरेजवाल्यांनी निदान काय केलं ऐका. एक म्हणाला, मुलगी फार रेस देते. दुसरा म्हणाला, पोरीचा हात हलका, ती रेस नीट देतच नाही. दोघांचं एकमत एवढंच, की दोष मुलीत! (हशा) हसताय, पण दवाखान्यातसुद्धा कंबर धरून गेलेल्या बाईला न तपासता ‘अशक्तपणा आहे’ म्हणून टॉनिक मिळतंच की.

गाडी टेम्पोत घालून मायलेकी माझ्याकडे आल्या. मी पाना हातात घेतला नाही. मुलीला बसवलं आणि विचारलं, कधी होतं? थंड असताना की गरम झाल्यावर? किती रेसवर? आवाज कसा येतो? याआधी काय काय बदललंय? ती म्हणाली, ‘थंड असताना ठीक असते. तापली की मी मूठ सोडली तरी इंजिन खाली येत नाही, ऊं ऊं करत वरच राहतं. मग हळूहळू उतरतं.’

हे वाक्य म्हणजे अर्धं निदान आहे. मूठ सोडली म्हणजे कार्बोरेटरची वाट बंद. तरी इंजिन वरच राहतंय, म्हणजे हवा दुसरीकडून कुठून तरी आत येतेय. हवा जास्त आली की त्या मानाने पेट्रोल कमी, आणि पेट्रोलाबरोबर तेल कमी. इंजिन तापतं, पिस्टन फुगतो, ब्लॉकला धरतो. हेच वाक्य तिने आधीच्या दोन्ही ठिकाणी सांगितलं होतं. ऐकलं कुणी नाही. जो रोज गाडीवर बसतो त्याच्याइतकी गाडीची माहिती मेकॅनिकलाही नसते. पण ‘त्याच्या’ जागी ‘ती’ असली, की माहितीची किंमत उतरते.

तरी एका वाक्यावर इंजिन खोलायचं नसतं. आधी प्लग बघितला. त्याची एक पद्धत आहे. पूर्ण रेसवर थोडं अंतर जायचं, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करायचं आणि मग प्लग काढायचा. घरापर्यंत हळूहळू आलात तर प्लग हळू चालवण्याचा रंग दाखवतो, दुखण्याचा नाही. प्लगच्या आतलं पांढरं चिनीमातीचं टोक दुधाच्या कडक चहासारखं तपकिरी झालेलं असेल तर सगळं ठीक. काजळीसारखं कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवेचा फिल्टर तुंबलेला. ओलं, तेलकट काळं असेल तर तेल जास्त, नाहीतर ठिणगी अशक्त. या मुलीच्या गाडीचं टोक खडूसारखं पांढरं, आणि त्यावर बारीक चमकणारे कण. ते कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे. पिस्टन वितळायला लागला होता, मैत्रिणींनो, आणि लोक मुलीच्या हाताची चर्चा करत होते.

मग पेट्रोल पुरेसं येतं का ते पाहिलं. कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडली, धार सलग येते का बघितलं. टाकीच्या झाकणाचं बारीक भोक तपासलं. ते मातीने बुजलं तर पाच-दहा मिनिटांनी धार आटते, गाडी बंद पडते, झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि गाडी पुन्हा चालू. कितीतरी ‘गेलेली’ इंजिनं एका टाचणीने बरी होतात. इथे ते नव्हतं. मेन जेट, म्हणजे पूर्ण रेसला ज्यातून पेट्रोल जातं ती छोटी पितळी तोटी, कुणीतरी आधीच मोठी घातली होती. रोग तसाच ठेवून वरून मलम.

मग हवा कुठून येते ते शोधायचं. हे काम तुम्ही सगळ्या जणी घरी करता. गॅसचा रेग्युलेटर बसवला की साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघता ना? तेच. इंजिन बंद आणि थंड. कार्बोरेटरच्या बाजूचं तोंड आणि सायलेन्सरचं तोंड रबरी बुचांनी बंद केलं, प्लगच्या भोकातून हातपंपाने थोडी हवा भरली. पाच-सहा पौंडांच्या वर जायचं नाही, नाहीतर चांगली सीलंही उडतील. काटा उतरायला लागला. साबणाचं पाणी सगळीकडे लावलं. ब्लॉकचं पॅकिंग कोरडं, कार्बोरेटरचा रबरी पाइप ठीक. मॅग्नेट काढलं आणि त्याच्यामागे क्रँकच्या सीलभोवती फेस आला.

ते सील म्हणजे रबराचं एक कडं. वयाने कडक झालेलं, तापलं की दांड्यापासून सुटायचं आणि हवा ओढायचं. म्हणून थंड असताना गाडी चांगली. दोनशे रुपयांच्या आतली वस्तू. आधी दोनदा ब्लॉक बोअर झाला, पण हे कडं कुणी बघितलं नाही, कारण ब्लॉक गेलाय हे डोळ्यांना दिसतं, का गेला ते शोधावं लागतं. क्लचच्या बाजूलाही असंच एक सील असतं. ते गेलं तर उलटं होतं: गिअरचं तेल आत ओढलं जातं, पांढरा धूर निघतो, प्लग ओला होतो, गिअरचं तेल कमी होत जातं.

सील बदललं, जेट मूळ नंबराची घातली, पुन्हा प्लग बघितला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग चालवून बघायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर कशाने झाली कळत नाही, आणि बिल चारही गोष्टींचं लागतं. ती मुलगी आता पळते. मधल्या नंबरात येते. गाडी विकायचा विषय निघालेला नाही, निदान अजून तरी.

तेलाबद्दल एक सांगायलाच हवं. बायका काळजीपोटी तेल जरा जास्त घालतात, भाजीला घालावं तसं. पण जेटच्या भोकातून जाणार तेवढंच जातं. त्यात तेल वाढलं की पेट्रोल तेवढं घटतं, आणि इंजिन उलट जास्त तापू शकतं. लिटरला तीस मिलीलिटर सांगितलं असेल तर तीसच, मापाने. आणि २०२५ पासून देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या कार्बोरेटरला त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं. ते हवेतलं पाणीही ओढतं, जुनं रबर खराब करतं. तेव्हा महिनोन्‌महिने टाकीत राहिलेलं पेट्रोल वापरू नका. फवारणीच्या पंपातलं हंगाम संपला की काढून टाका.

बाकी दुखणी पटकन सांगते. ठिणगी येत नसेल तर आधी बंद करायचं बटण बघा. गाडी धुतल्यावर त्यात पाणी जातं. गरम झाल्यावर ठिणगी जाते आणि थंड झाल्यावर परत येते, तर मॅग्नेटमधली कॉइल संशयित. बरेच दिवस उभी गाडी ताकद धरत नसेल तर सायलेन्सरचं तोंड बघा, कुंभारमाशीने घर केलेलं मी दोनदा काढलंय.

कुणी म्हणालंच की इंजिनाचं निदान बायकांचं काम नाही, तर त्यांना बिॲट्रिस शिलिंग सांगा. इंग्लंडमधली इंजिनिअर. १९३० च्या दशकात ब्रुकलँड्सच्या मैदानावर नॉर्टन मोटारसायकल शंभर मैलांच्या वर पळवणारी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांनी एकदम नाक खाली केलं की इंजिन गुदमरायचं, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलाचा पूर यायचा. तिने पेट्रोलाच्या वाटेत भोक असलेली एक साधी धातूची चकती बसवायला दिली, १९४१ मध्ये. विमान खोलावं लागलं नाही. वैमानिकांनी त्या चकतीला तिच्या नावावरून चावट नाव ठेवलं, ते मी इथे सांगत नाही. पण तक्रार वैमानिकांची होती, पुरुषांची, म्हणून ती ऐकली गेली, हेही लक्षात घ्या.

चालवणाऱ्या मुलींसाठी शेवटचं. पूर्ण रेसवर आवाज बारीक, कोरडा झाला आणि गाडी ओढेनाशी झाली, तर क्षणाचाही विचार न करता क्लच दाबायचा. दोन बोटं कायम क्लचवर ठेवायची. चाक अडकलं तर शरीर पुढे जातं, आणि खांदा काही बोअर करून मिळत नाही.

बाहेर अंगणात गाडी उभी आहे, शेजारी गटाचा बंद पडलेला फवारणी पंपही आणून ठेवलाय. त्याचं काय बिघडलंय ते मला माहीत नाही. जी तो पाठीवर घेते तिने पुढे यावं. आधी तिला विचारू, मग प्लग काढू.