सुरक्षिततेचा खर्च कोणी धरावयाचा?

(हरिहरेश्वर येथे बांधकाम ठेकेदार, गवंडी व कामगार यांच्यासमोर केलेले भाषण)



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने आपल्या श्रीवर्धन तालुक्यातील असंख्य घरांची छपरे उडविली. ती पुन्हा उभी केली आपल्याच गवंडी-सुतारांनी. भर पावसाळ्यात ओल्या वाशांवर पाय रोवून पत्रे बसविणाऱ्यांपैकी किती जणांच्या कमरेला दोर होता, याचे उत्तर ज्याने त्याने मनाशी द्यावे.

मालक सुरक्षिततेवर पैसा खर्च करतो तो कशामुळे? पहिले उत्तर अर्थातच कायदा. कामावरील अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी १९२३ च्या कायद्याने मालकावर टाकली. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने सुरक्षिततेची मानके घालून दिली. पुढे हे विषय २०२० च्या संहितांत समाविष्ट झाले. तथापि, या संहितांतील बांधकामविषयक तरतुदी दहा किंवा अधिक कामगारांच्या कामांसाठी आहेत. चार माणसांनी जांभ्याचे चिरे रचून उभारावयाच्या घरापर्यंत त्या पोहोचत नाहीत.

आणि जेथे कायदा पोहोचतो, तेथेही तो एकटा पुरेसा पडत नाही. कोकण रेल्वेच्या उभारणीत ७४ जणांनी प्राण गमावले. त्यांचे स्मारक रत्नागिरी स्थानकावर आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी समृद्धी महामार्गाच्या कामावर, शहापूर तालुक्यात, तुळई बसविण्याचे अवजड यंत्र कोसळून २० जण मृत्युमुखी पडले.

दुसरे उत्तर हिशेबाचे. माणूस पडला की काम थांबते, चौकशी सुरू होते, कुशल कारागीर दुसरीकडे जातात आणि पावसाळ्यापूर्वीचे मोलाचे दिवस वाया जातात. हा खर्च अंदाजपत्रकात कोठेच दिसत नाही; दोराची व जाळीची किंमत मात्र दिसते. म्हणून काटकसरीची पहिली कात्री तिलाच लागते.

येथेच खरी मेख आहे. सर्वांत कमी दराला काम मिळत असेल, तर मजबूत परांचीचा खर्च प्रामाणिकपणे धरणारा ठेकेदार मागे पडतो. त्याला केवळ उपदेश करून भागणार नाही. काम देणाऱ्याने, मग ते शासन असो वा घरमालक, सुरक्षा-साधनांची रक्कम दराच्या चढाओढीतून वगळून स्वतंत्र बाब म्हणून दिली पाहिजे आणि साधने प्रत्यक्ष आल्याची खात्री करून घेतली पाहिजे. मग शिरस्त्राण देणारा ठेकेदार तोट्यात जाणार नाही.

आपल्या गावांत आणखी एक प्रेरणा आहे. येथे ठेकेदार आणि कामगार बहुधा एकाच पंचक्रोशीतील असतात. सकाळी ज्याला परांचीवर चढविले, त्याच्या घरच्यांना संध्याकाळी सामोरे जावे लागते. ही लाज कोणत्याही दंडाहून मोठी आहे. पुढचे घर बांधावयास घ्याल तेव्हा दर ठरविताना सिमेंट आणि चिऱ्यांच्या आधी दोराची किंमत लिहा, एवढीच माझी विनंती आहे.