दप्तर कोणाचं, लिपी कोणाची?



आज आम्ही तुम्हाला दूरच्या एका नदीकाठची हकिकत सांगणार आहो. नदीचे नाव द्नीस्टर, जिल्ह्याचे नाव ग्रिगोरिओपोल. सगळा खेड्यापाड्यांचा, शेतीवाडीचा मुलूख. 2004 च्या शिरगणतीत इथे शंभरांत सुमारे 65 मोल्दोव्हन, 17 युक्रेनी आणि 15 रशियन भरले. गाव एक, बोली तीन!

मग भांडण पेटलं कुठून? 1989 साली मोल्दोव्हा सोव्हिएत संघात होता. मोल्दोव्हन ही राज्यभाषा करायची आणि रशियन वळणाची लिपी टाकून ती रोमन लिपीत लिहायची, असा कायदा येऊ घातला. ऑगस्टच्या 31 तारखेला तो झालाही. मायबोलीला मान मिळाला, ठीकच झालं. पण नदीकाठच्या तिरास्पोल शहरातल्या रशियन बोलणाऱ्या कामगारांनी त्याआधीच संप पुकारला होता. उद्या भाषा येत नाही म्हणून नोकरी गेली तर? पोटाची ही धास्ती खोटी होती, असे आम्ही म्हणणार नाही.

पण त्या धास्तीवर राज्य उभारले गेले! 2 सप्टेंबर 1990 रोजी हा पट्टा ट्रान्सनिस्ट्रिया नावाने फुटून निघाला. 1992 साली लढाई झाली, शेकडो माणसे मेली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या एकाही सभासद देशाने या राज्याला मान्यता दिलेली नाही. कागदावर तिन्ही भाषा सारख्या. शाळेत मात्र मोल्दोव्हन रोमन लिपीत शिकवायला बंदी!

ग्रिगोरिओपोलचे पालक हटले नाहीत. अखेर 2002 साली त्यांची शाळा सुमारे 20 किलोमीटरवर, मोल्दोव्हाच्या ताब्यातल्या दोरोत्स्काया गावी हलवावी लागली. पोरं रोज बसनं जायची, नाक्यावर त्यांची दप्तरं तपासली जायची. काय होतं हो त्यात? बाँबगोळे? पाटीपुस्तकच ना! 19 ऑक्टोबर 2012 रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने या मुलांचा शिक्षणाचा हक्क मोडल्याचा ठपका रशियावर ठेवला. कारण ही सत्ता रशियाच्या फौजेच्या आणि पैशाच्या टेकूवर उभी होती.

बंधूंनो, मायबोलीत राज्यकारभार मागणे हा जनतेचा हक्क आहे. पण तो मागताना शेजारच्या कामगाराला त्याच्या भाकरीची हमी द्यावी लागते. ती दिली नाही, तर त्याची भीती दुसराच कोणी वापरतो, आणि शेवटी दप्तर हिसकावलं जातं ते शेतकऱ्याच्या पोराचं. कामगाराची भाकर आणि पोराची पाटी, दोन्ही राखील तेच राज्य लोकांचं!