खोळ शिवते ती कोण?

अकोल्या-अमरावतीच्या जुन्या घरांतून भंगारात निघालेली सागवानी खुर्ची पाहा. सांगाडा धड, फक्त बैठक बसलेली. जुनं कापड फाडायचं नाही. उसवून उतरवायचं, तेच नव्याचं माप. मग निवारीच्या पट्ट्या ताणून ठोकायच्या, स्प्रिंगा सुतळीनं बांधायच्या, वर गोणपाट, काथ्या, कापूस. शेवटी खोळ.

ही खोळ बहुधा बाई शिवते, घरी बसून, नगावर. ठोकणं-ताणणं पुरुषाकडे, गिऱ्हाइकाशी भाव ठरवणंही त्याच्याकडेच. म्हणे, बायकांना ताण जमत नाही! वऱ्हाडात कापूस वेचायला मात्र बायकाच लागतात. ओटीतल्या ओझ्याचा ताण कुणी मोजत नाही.

१९७६ च्या कायद्यानं समान कामाला समान मजुरी सांगितली. ती तरतूद पुढे २०१९ च्या वेतन संहितेत आली. पण कामच वाटून टाकलं, तर समान कोणतं ठरवायचं?

म्हणून शिवणवर्गात एक मोडकी खुर्ची आणा. हातोडी, चिमटा घ्या, ती पूर्ण उसवा. थरांचा क्रम वहीत लिहा. भरताना तोच उलटा लागतो. आणि पहिल्या खुर्चीचा भाव गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगा.